मळा कोण बघतं?

मी एक साचा बोलतोय. गणपतीचा नाही आणि विटांचाही नाही. मला हात लावून बघता येत नाही, उचलून माळ्यावर टाकता येत नाही. मी कॉम्प्युटरच्या आत राहतो. माहिती भरायला कुणी बसलं की त्याला काय काय विचारायचं, ते मी ठरवून ठेवलेलं असतं. सोऱ्यात जी चकती घालाल तशी शेव पडते, तसं माझं आहे. मी विचारीन तेवढंच कंपनीला कळतं. मी जे विचारत नाही, ते गावभर सगळ्यांना ठाऊक असलं तरी कंपनीच्या लेखी नसतंच.

मला लोक अडेल म्हणतात. 'हा कसला साचा, नुसता हटून बसतो,' असं माझ्या तोंडावर बोलून झालंय. बोलोत बापडे. आज दुपारपासून मला पुसून टाकायचे उद्योग चालले आहेत, म्हणून म्हटलं, आपली हकिकत आपणच सांगावी. दुसऱ्या कुणावर सोपवली तर तो मला दोन ओळींत गुंडाळील.

माझा जन्म २००७ सालच्या मार्चमधला, नाशिकचा. मखमलाबादच्या पुढे, मातोरीच्या रस्त्याला भाजीपाल्याचं एक पॅकहाउस आहे. आसपासच्या मळ्यांतली भेंडी, कारली, मिरची तिथे येते, निवडली जाते, खोक्यांत भरली जाते आणि विमानाने परदेशी जाते. परदेशातलं गिऱ्हाईक फार चौकस. या खोक्यातली भेंडी कुठल्या मळ्यातली, तिच्यावर कुठलं औषध कधी मारलं, हे सगळं त्याला लेखी लागतं. आधी हा कारभार वह्यांवर चालायचा. मग कंपनीने सगळ्यांनी मिळून एकाच जागी माहिती भरायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते लावून द्यायला शुभांगीला नोकरीवर ठेवलं.

शुभांगी देवळ्याची. वडील कांदा करायचे. ती कॉम्प्युटर शिकायला नाशिकला आली आणि पंचवटीत मावशीकडे राहिली. तेविसाव्या वर्षी तिने मला जन्म दिला, आणि तोही दोनदा. त्या दिवसांत भारनियमन जोरात होतं. सगळे रकाने आखून झाले, आता शेवटचं बटण दाबायचं, एवढ्यात वीज गेली आणि यूपीएसनेही मान टाकली. शुभांगीने कपाळाला हात लावला. बाहेर जाऊन चहा पिऊन आली आणि वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून बसली. त्या वेळी ती दर दोन मिनिटांनी मला सेव्ह करत होती.

आमच्यातही वंशपरंपरा असते. आम्हा सगळ्या साच्यांचा एक मूळ पुरुष असतो, अगदी साधा. त्याच्याजवळ 'शीर्षक' नावाचा एकच रकाना. तो प्रत्येक वारसाला मिळतोच, नको म्हणायची सोय नाही. शुभांगीने त्याला 'मळ्याचं नाव' असं नाव दिलं आणि पुढे आपल्या मनचे रकाने जोडले. गाव, गट नंबर, खातेदार, फोन, पीक, फवारणीची तारीख, औषध कोणतं, तोडा किती दिवस बंद, निरोप दिला का. प्रत्येक मळ्याची एक नोंद. त्याच्या फवारण्या आणि तोडे त्याच नोंदीत खाली खाली लिहीत जायचे. मी तयार झाल्यावर तिने माझ्यावरून मातोरीची यादी काढली, मग मुंगसऱ्याची, मग दरीची. याद्या वेगळ्या, पण मूळ मी. माझ्यात काही बदललं की एका खुणेसरशी सगळ्या गावांत बदलतं. हे पुढे फार कामाला आलं.

तोडा म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगायला हवं. भेंडी एकाआड एक दिवस तोडावी लागते. एक दिवस जास्त राहिली की ती जून होते आणि परदेशचं गिऱ्हाईक तिला हात लावत नाही. पहाटे बाया हातांत जुने मोजे चढवून मळ्यात उतरतात, कारण भेंडीची लव अंगाला खाजते. मात्र फवारणी झाली की औषध उतरेपर्यंत तोडा बंद. किती दिवस, ते औषधावर. शिवाय कंपनी अधूनमधून भेंडीचा नमुना तपासायला पाठवायची. त्यात औषधाचा अंश सापडला की आणखी दोन दिवस तोडा बंद, आणि तसा निरोप मळ्यावर गेलाच पाहिजे.

हा निरोप द्यायचं काम समाधानचं. समाधान म्हणजे आमचा सुपरवायझर. दिवसभर मोटरसायकलवर गावं फिरायचा आणि संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसायचा. माणूस वाईट नाही, पण मला भरायचा कंटाळा त्याच्या नसानसांत. कालची तारीख उचलून आज चिकटवायची, एका मळ्याचं औषध दहा मळ्यांना लावायचं, हे त्याचं नेहमीचं. माणसांची एक गंमत मी बघितली आहे. वहीत खोटं लिहिताना त्यांचा हात थोडा तरी थबकतो. कॉम्प्युटरवर तेवढंही नाही.

निरोप द्यायची त्याने एक युक्ती काढली होती. त्या काळी फोन उचलला की पैसे कापले जायचे, म्हणून सगळा महाराष्ट्र मिस्ड कॉलवर चालायचा. समाधानने सगळ्या मळ्यांवर खूण ठरवून दिली. एक मिस्ड कॉल आला तर उद्या गाडी येणार, तोडा करा. लागोपाठ दोन आले तर तोडा बंद. खूण मळ्यावर काम करणाऱ्या बायांना पाठ होती. मिस्ड कॉल मात्र जायचा खातेदाराच्या फोनवर, कारण माझ्यात फोनचा रकाना खातेदाराच्या नावापुढे होता. खातेदाराचं नाव आलं सातबाऱ्यावरून. सातबाऱ्यावर जो आहे तोच मळा करतो, असं मी धरून चाललो होतो. मला तसंच घडवलं होतं. त्या वेळी मीही मूर्ख होतो, हे मान्य करायला मला लाज नाही.

जुलै महिन्यातली गोष्ट. मुंगसऱ्याला कुसाबाईची भेंडी होती. सातबारा तिच्या नवऱ्याच्या, बहिरूच्या नावावर. बहिरू सातपूरला कारखान्यात कामाला. मोबाईल आत न्यायची परवानगी नाही, तो बाहेरच्या कपाटात बंद. मळा कुसाबाई एकटीने करायची. नमुन्यात अंश सापडला, तसे समाधानने बहिरूच्या नंबरवर दोन मिस्ड कॉल दिले आणि माझ्यात 'निरोप दिला का' या रकान्यात 'होय' अशी खूण करून तो घरी गेला. बहिरू पाळी सुटल्यावर घरी आला, जेवायला बसला आणि म्हणाला, समाधानचा फोन येऊन गेला. किती वेळा, ते त्याने सांगितलं नाही. त्याला खूण ठाऊकच नव्हती. कुसाबाईने धरलं की गाडी येणार. पहाटे तिने तोडा केला.

ती भेंडी बाकीच्यांच्या भेंडीत मिसळली. दुपारी गोंधळ लक्षात आला, तोवर वेळ निघून गेली होती. त्या दिवशीची सगळ्या मुंगसऱ्याची भेंडी खड्ड्यात पुरावी लागली. आमचे मॅनेजर शेखरसाहेब इतके चिडले की पंखा चालू असून त्यांना घाम फुटला. बहिरूचा मळा यादीतून कायमचा काढा, असा त्यांनी हुकूम सोडला.

दुसऱ्या दिवशी कुसाबाई स्वतः ऑफिसात आली. तिला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, कारण माझ्यात ती नव्हतीच. चाळिशीची असेल. पायांना मळ्याचा चिखल, पदर खोचलेला. शेखरसाहेबांच्या टेबलाकडे ढुंकूनही न बघता ती सरळ शुभांगीपुढे उभी राहिली.

"माझा मळा का काढला?" ती म्हणाली.

"बाई, तोडा बंदचा निरोप दिला होता," शेखरसाहेब मागून म्हणाले.

"कोनाला दिला?"

शुभांगीने माझ्याकडे पाहिलं. "बहिरू यांना."

"ते कारखान्यात नटबोल्ट आवळत व्हते. मळा मी बघते. बारा वर्सं झाली. पानी मी देते, औषीद मी मारते, तोडा मी करते. एकदा फोन आला का दोनदा, ते ह्यांना काय ठावं? खूण मला ठावं हाय. मंग निरोप मला का नाय धाडला?"

शुभांगी माझी नोंद वरपासून खालपर्यंत चाळत राहिली. शेवटी हळूच म्हणाली, "तुमचं नाव यात कुठेच नाही."

"मंग लिवा," कुसाबाई म्हणाली. "कालची भेंडी पुरली, त्याचं मला बी लय वाईट वाटलं. माझ्या हातून झालं, मी नाय म्हनत नाय. पन एका निरोपापायी बारा वर्सांचा मळा काढू नका. जी तपासनी घ्यायची ती माझी घ्या."

शेखरसाहेब दुष्ट नव्हते. त्यांना फक्त कागदाची भीती वाटायची. त्यांनी विचार केला आणि मधला मार्ग काढला. दिवाळीच्या आधी परदेशी गिऱ्हाइकाच्या वतीने एक तपासनीस येणार होता. तोवर मळा 'थांबवलेला' राहील, भेंडी पंचवटीच्या बाजारात विकावी. तपासनिसाने मान्य केलं तर मळा परत यादीत, नाहीतर कायमचा बाहेर. कुसाबाईने मान हलवली आणि गेली. तेव्हापासून माझं सगळं लक्ष त्या एका नोंदीवर लागलं.

त्याच संध्याकाळी शुभांगीने मला उघडलं आणि माझ्या अंगात एक नवा रकाना घातला. नाव दिलं, 'मळा कोण बघतं'. फोनचा रकाना खातेदारापासून काढून या नावाला जोडला. मग रकान्यापुढे लाल तारा लावला. लाल तारा म्हणजे सक्ती. तो रकाना भरल्याशिवाय मी नोंद घेणार नाही. आणि मग तिने ती खूण केली, ज्यामुळे माझ्यातला बदल सगळ्या गावांच्या याद्यांत एकदम उतरतो.

खरं सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कणा आला. आधी मी कुणी काहीही भरलं की मुकाट गिळत होतो. आता मी अडवू लागलो. मातोरीत अडवलं, दरीत अडवलं, मुंगसऱ्यात अडवलं. 'हा रकाना भरणे आवश्यक आहे.' समाधानने चार वेळा बटण दाबलं, चार वेळा मी तेच लाल अक्षरांत ऐकवलं.

"च्यायला, हे काय नवीन?" तो ओरडला. "मॅडम, मळा खातेदारच बघतो की!"

"तू पाहिलंस का बघताना?" शुभांगीने विचारलं.

समाधान खुर्ची सरकवून उठला. पण हार मानणाऱ्यातला तो नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याने त्या रकान्यात एक टिंब टाकलं. नुसतं टिंब. मला काहीतरी भरलेलं हवं होतं, ते मिळालं, मी नोंद घेतली. आठवड्यात माझ्याकडे अडतीस टिंबं जमली. इतका अपमान माझा कुणी केला नव्हता. मी आत बसून चरफडत होतो, पण साच्याला ओरडता येत नाही.

शुभांगीला टिंबं दिसली. ती रागावली नाही, हसली. तिने गावोगावच्या माणसांची एक वेगळी यादी केली, नाव आणि फोन नंबर अशी, आणि माझा रकाना तिला बांधून टाकला. आता त्या रकान्यात लिहिता येत नव्हतं, यादीतलं माणूस निवडावं लागायचं. त्या यादीत टिंब नावाचा कुणी राहत नव्हता. समाधानला शेवटी मोटरसायकलला किक मारून मळोमळी विचारत फिरावं लागलं.

गंमत म्हणजे फिरल्यावर तोच बदलला. पहिल्या दिवशी कुरकुरत आला. दुसऱ्या दिवशी गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मॅडम, पुरुष म्हणतात मीच बघतो. मग मी विचारतो, शेवटची फवारणी कधी केली? की लगेच घरात हाक मारतात, 'अगं, कधी गं?' मी ज्या बाईने उत्तर दिलं तिचंच नाव लिहून आणलंय." साळूबाई, सिंधुबाई, भागीबाई, विमलाबाई, अशी नावं माझ्यात पडू लागली. दोनशे चौदा मळ्यांपैकी दीडशेच्या वर बाया निघाल्या. दोन-तीन घरधनी ऑफिसात येऊन तावातावाने भांडूनही गेले. आमच्या बायकोचं नाव कुणाला विचारून लिहिलं, म्हणे. शुभांगी त्यांना खुर्ची द्यायची आणि शेवटची फवारणी कधी झाली ते विचारायची. त्यातले बहुतेक चहा न घेताच उठले.

कुसाबाईचा मळा थांबवलेला होता, पण नोंद ठेवू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. तिने कुणाचा तरी जुना हँडसेट मिळवला. फवारणी केली की ती स्वतः शुभांगीला फोन करायची आणि मिस्ड कॉल देऊन भागवायची नाही, चांगली बोलायची. "लिवा, आज औषीद मारलं. तीन दिस तोडा नाय." मग तोडा केला की पुन्हा फोन. जुलैपासून दसऱ्यापर्यंत तिच्या नोंदीत सात फवारण्या आणि छत्तीस तोडे लागले. परदेशी न जाणाऱ्या भेंडीसाठी एवढा नेम पाळणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

तपासणी आठवड्यावर आली आणि शेखरसाहेबांचा धीर सुटला. "करारावर बहिरू आणि कॉम्प्युटरवर कुसाबाई? एकाच मळ्याला दोन नावं? तपासनीस आपल्याला उभं करील," ते म्हणाले. शुभांगी त्या दिवशी देवळ्याला गेली होती. साहेबांनी तिच्या खुर्चीत बसून, कंपनीच्या मोठ्या साहेबांचा पासवर्ड टाकून मला शोधून काढलं आणि पुसण्याचं बटण दाबलं.

मी नाही म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा दाबलं. मी पुन्हा तेच सांगितलं: हा साचा वापरात आहे, तो काढता येणार नाही. आमच्या जातीचा हा एक नियम मला फार आवडतो. माझ्या आधारावर एक जरी नोंद उभी असेल, तरी मला हलवता येत नाही. मला काढायचं तर आधी त्या दोनशे चौदा नोंदी एकेक करून पुसाव्या लागतात. साहेबांनी पहिली नोंद उघडली. साळूबाईची. तिच्या नावाकडे बघत बसले, मग बंद केली. पुसायचा धीर झाला नाही त्यांना. त्यांनी मग जुन्या वहीवरून खातेदारांची यादी टाइप करून घेतली, तिच्या प्रती काढल्या आणि बहिरूला कारखान्यातून रजा काढायला लावली.

तपासणीच्या दिवशी ऑफिसात टेबलाभोवती सगळे बसले. तपासनीस पुण्याचे होते, शांत बोलणारे. समोर बहिरू, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवरची टोपी चुरगाळत. कुसाबाईला भिंतीशी बसवून मध्ये बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. शेखरसाहेबांची छापलेली यादी टेबलावर. मी शुभांगीच्या टेबलावर उघडाच होतो, कॉम्प्युटरचा पडदा भिंतीकडे वळवून.

"जुलैत तुमच्या मळ्याचा प्रश्न आला होता," तपासनीस बहिरूला म्हणाले. "शेवटची फवारणी कधी केलीत?"

बहिरूने टोपीची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

"कोणतं औषध होतं?"

बहिरूने साहेबांकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं. आता हा काहीतरी ठोकून देणार, असं मला वाटलं. इतक्या महिन्यांत माझ्यासमोर सगळ्यांनी ठोकूनच दिलं होतं.

"साहेब," तो उठून उभा राहिला, "मला इचारू नका. सातबारा माझा हाय, तो बापानं दिला. मळा हिचा हाय. मी खोटं बोललो तर परत भेंडी पुरायची पाळी येईल. हिला इचारा."

"पण यादीत यांचं नाव नाही," तपासनीस कागदावर बोट ठेवून म्हणाले.

शुभांगी उठली आणि तिने माझा पडदा त्यांच्याकडे फिरवला. शेखरसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

तपासनिसांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले. कुसाबाईला पुढे बोलावलं. त्यांनी विचारायचं, तिने सांगायचं आणि मग त्यांनी माझ्यात बघायचं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी काय केलं? औषध मारलं, तीन दिवस तोडा बंद. माझ्यात तेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी? तोडा, चार क्रेट. माझ्यात तेच. तिला तारखा येत नव्हत्या, सणवारावरून ती दिवस सांगायची आणि तपासनीस कॅलेंडर उलटून जुळवायचे. एकही चुकला नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण खरा होतो, आणि तेही तिच्यामुळे.

"शेखरराव," तपासनीस शेवटी म्हणाले, "ही छापलेली यादी मला नको. मला हीच द्या. ज्याला विचारायचं त्याचं नाव हिच्यात आहे." त्यांनी आणखी बारा मळे माझ्यावरून निवडले आणि त्या बायांना भेटायला समाधानच्या गाडीवरून गेले. कुसाबाईचा मळा दुसऱ्या दिवशी परत यादीत आला. कंपनीचं ओळखपत्र निघालं, त्यावर फोटो तिचा. ती पहिल्यांदा फोटोकडे बघून रडली आणि मग फोटोत पदर नीट नाही म्हणून समाधानला रागावली.

त्याला आता दोन वर्षं झाली. २००९ सरत आलंय. शुभांगीचं लग्न झालं, मुलगी झाली, ती मुलीला घेऊन औरंगाबादला गेली. जाताना तिने मला एकदा उघडून बघितलं आणि काहीही न बदलता बंद केलं. कंपनीने नवा प्रोग्राम घेतलाय. तो बसवायला पुण्याहून एक तरुण इंजिनिअर आलाय, चटपटीत, सगळं झटपट उरकणारा. त्याने बरोबर आणलेल्या तयार साच्यात माणसासाठी रकाना एकच आहे, शेतकऱ्याचं नाव. त्याने दुपारी मला पुसायला घेतलं. मी नाही म्हटलं. त्याने तीन तऱ्हांनी प्रयत्न केला. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं.

"सर, जुन्या दोनशे चौदा नोंदी आड येतायत," तो शेखरसाहेबांना म्हणाला. "सगळ्या उडवून टाकू?"

शेखरसाहेब आता थोडे थकलेत. त्यांनी फाइलीतून डोकं वर काढलं. "आज महिन्याची बैठक आहे. चारला मळ्यांवरच्या बाया येतील. त्यांना विचार आणि मग उडव. मी नाही सांगणार त्यांना, माझी छाती होत नाही."

पोराला वाटलं साहेब थट्टा करतात. चार वाजता दीडशे बाया आवारात बसल्यावर त्याला कळलं. त्याने उभं राहून नव्या प्रोग्रामचे फायदे सांगितले, मग जुन्या नोंदी पुसाव्या लागतील म्हणून सांगितलं. मग कुसाबाई उठली आणि थेट आत ऑफिसात आली. तिच्यामागे जागा होती तेवढ्या आल्या, उरलेल्या खिडक्यांना लागल्या.

"पुसा की," ती म्हणाली. "नवं आलं, जुनं जानारच. पन आधी नव्यात आमची नावं लिवा. मंग वाचून दावा. एकेक. मंग पुसा."

"मावशी, नव्या फॉर्मात तो रकाना नाहीये."

"मंग घाला. आमच्या शुभांगी पोरीनं अर्ध्या तासात घातला व्हता. तुमी तर पुन्याचे."

त्याने घातला. मी शेजारून बघत होतो. आधी त्याने साधा घातला, मग बायांच्या चेहऱ्यांकडे बघून सक्तीचा केला. नावं इकडून तिकडे न्यायला त्याला दहा मिनिटं लागली, वाचायला मात्र पाऊण तास. तो वाचत होता आणि खिडकीतून 'हाय', 'बरोबर', 'फोन बदललाय, लिवा' अशी उत्तरं येत होती. सिंधुबाई गेल्या वर्षी वारली, तिच्या जागी आता सून मळा करते, तेही त्याने तिथल्या तिथे दुरुस्त केलं. शेवटी कुसाबाई म्हणाली, "माझं पुन्यांदा वाचा."

"मुंगसरा. खातेदार बहिरू. मळा कोण बघतं, कुसाबाई."

"हां. आता पुसा," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसत बाहेर गेली.

आत्ता तो माझ्या एकेका यादीतल्या नोंदी काढतोय. मातोरी रिकामी झाली. दरी झाली. मुंगसऱ्याच्या शेवटच्या चार राहिल्यात. मला वाईट वाटतंय का? वाटतंय, खोटं कशाला बोलू. दोनशे चौदा जणांचं ओझं इतके दिवस अंगावर घेतलं होतं, ते उतरताना अंग हलकं होत नाही, पोरकं होतं. पण मी रडगाणं गाणार नाही. आयुष्यभर अडून बसलो ते या नावांसाठी, आणि नावं आता दुसऱ्या घरी पोचली आहेत, माझ्यादेखत, मोठ्याने वाचून.

झालं. शेवटची नोंद गेली. बाळा, आता दाब तुझं बटण, या वेळी मी नाही म्हणणार नाही. फक्त जाताजाता सांगतो, तो रकाना रिकामा सोडता येईल अशी सवलत कुणाच्या सांगण्यावरून कधी देऊ नकोस. दिलीस, तर पुढच्या बैठकीला त्या पुन्हा आत येतील, आणि त्यांच्या आणि तुझ्यामध्ये उभं राहायला मी नसेन.